ओव्याला दिलेलं श्रेय

हल्ली ओव्याच्या पाकिटावर त्याचे गुण छापलेले असतात. तंतू, लोह, कॅल्शियम, पचनाला उत्तम. वाचलं की माझं डोकं फिरतं. पोटात कळ आली तर ओवा-मीठ चावावं, बाळंतिणीला जेवणावर द्यावा, भजीच्या पिठात चुरडून घालावा, इथवर माझं काही म्हणणं नाही. पण छातीचं दुखणं ओव्याने बरं होतं असं कुणी म्हणालं, की मी त्या माणसाशी भांडते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा भांडले आहे.

हे खूळ आमच्या घरात आत्याचं. वडिलांची मोठी बहीण, विधवा; लालबागच्या आमच्या एका खोलीत हुकूम तिचाच चालायचा. वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथे कापूस पिंजला जातो आणि हवेत नुसती त्याची धूळ उडते. वडिलांचा खोकला चाळीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. आत्या तव्यावर ओवा भाजायची, फडक्यात बांधायची आणि ती गरम पुरचुंडी त्यांच्या छातीवर दाबायची. वरून ओव्याचा काढा. खोकला काही हलायचा नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला तर छाती जास्तच भरायची. हे माझ्या लक्षात आलं होतं, आत्याच्या नाही.

मग संप झाला. गिरणी बंद, महिन्यांमागून महिने गेले. मामाने वडिलांना शिवडीच्या एका गोदामावर राखणदार म्हणून चिकटवलं. उघड्यावर खुर्ची टाकून बसायचं काम. दिवाळीपर्यंत खोकला गेला. वडील तीन जिने न थांबता चढू लागले. आत्याने चाळभर मिरवलं, "माझ्या ओव्यान बरो केल्यान तेका!" बायका तिच्याकडे वाटी घेऊन ओवा मागायला येऊ लागल्या. असा संताप यायचा मला तिचा!

संप कुणी मिटवला नाही, तो विरत गेला. गिरणीने काहींना परत बोलावलं, त्यांत वडील होते. खातं तेच. ते दोन दिवस घुटमळले. आत्या म्हणाली, "बिनघोर जा रे. ओवो आसा मां!" मग त्यांनी मला विचारलं, "काय गं, जाऊ ना?"

त्या दिवसांत मला बघायला माणसं येत होती. "वडील काय करतात?" याला "राखणदार आहेत" असं उत्तर देताना माझी मान खाली जायची. मी म्हटलं, "आता बरे झालात ना बाबा? मग जा."

तीन महिन्यांत खोकला परत आला, तो मुक्कामालाच. आत्याने पुरचुंड्या दुप्पट केल्या. शेवटी मी वडिलांना कामगारांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर त्यांच्यावर डाफरले, "धूळ सुटली म्हणून बरे झाला होतात. पुन्हा तिथेच कशाला गेलात?"

"बहीण म्हणाली, ओव्याने बरं वाटलंय," वडील म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

ते गेले तेव्हा सगळ्यांदेखत मी आत्यावर ओरडले, "तुझ्या ओव्याने मारलं त्यांना!" ती नुसती रडत राहिली. तिचा ओव्यावर खरोखर विश्वास होता. माझा कधीच नव्हता, आणि तरी मी "जा" म्हटलं होतं.