शपथपत्रावरचे अंगठे

जपानातल्या एका लहान गावी, जुन्या कागदांच्या दुकानात, भिंतीवर एक शपथपत्र टांगलेलं होतं. खाली अकरा नावं आणि प्रत्येक नावापुढे एक तपकिरी अंगठा. "शाई नाही ती," दुकानाच्या मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या. "अंगठ्याला चीर देऊन रक्ताने उठवलेत. दोन महायुद्धांच्या मधली गोष्ट. देशासाठी मंत्र्यांना मारायचं, असं ठरवलेलं मंडळ होतं. सातवं नाव माझ्या आजोबांचं."

आपल्याकडे अंगठा उठवतो तो लिहिता न येणारा. इथे तर प्रत्येकाचं अक्षर देखणं होतं. इतकं सुंदर लिहिणाऱ्यांना स्वतःच्या सहीचा भरवसा का वाटला नसेल? उद्या आपलंच मन बदलेल, याची त्यांना भीती असावी.

"आजोबांनी कुणाला मारलं का?" मी चाचरत विचारलं.

"नाही. त्यांची पाळी येण्याआधीच सगळे पकडले गेले. सुटल्यावर ते जन्मभर शाळेत मुलांचं अक्षर वळवत राहिले. पण रोज सकाळी दार उघडून विचारायचे, आलं का मंडळाचं बोलावणं?"

मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. दहा अंगठे सुकून फिकटले होते. सातवा अजून ओला दिसत होता.