नाटक बघताना मी वही काढली

मंडळी, आज दुपारी आमच्या शॉमबर्ग गावातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये नाटक बघितलं. लिहिलंय माझ्या ऑफिसातल्या मार्ताने, तिचे आईवडील मेक्सिकोचे. व्हिसा नसताना इथे हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बाईची गोष्ट.

सवयीने मी वहीत टिपणं काढत होते. शेजारच्या खुर्चीतल्या बाई स्टेज सोडून माझ्या वहीकडेच बघत होत्या. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "कोणासाठी लिहिताय?"

"माझ्यासाठीच," म्हणत मी वही पुढे केली. मराठी अक्षरं बघून त्यांचा चेहरा आणखीच ताणला गेला.

"इमिग्रेशन खात्याच्या आहात?"

"नाही हो, मी स्वतःच व्हिसावर आहे."

"म्हणजे तुमच्याकडे कागद आहेत," त्या म्हणाल्या आणि मध्यंतरात कोट उचलून निघून गेल्या.

नाटक संपल्यावर मार्ता त्यांनाच शोधत आली. म्हणाली, "ही त्यांचीच गोष्ट आहे. किती महिने मागे लागले, तेव्हा आज बघायला आल्या होत्या."

मी मार्ताला सगळं सांगितलं.

मार्ताकडे त्यांचा नंबर आहे. फोन करून माफी मागावीशी वाटते, पण त्यांचा नंबर माझ्यापर्यंत पोचला हे कळून त्या आणखीच घाबरतील. तुम्ही काय केलं असतं?