कल आतल्या खोलीकडे

बाबूभाई मिस्त्रींचं घर भद्रावतीच्या अलीकडे, खाणीतून काढलेल्या मातीच्या डोंगरामागे होतं. त्यांनीच बांधलेलं. लोकांची घरं बांधून उरलेल्या विटा, उरलेली फरशी, कुठल्याशा पाडलेल्या शाळेची खिडकी. तरी भिंती अशा, की हात फिरवला तर हाताला काही सापडू नये.

रोज दुपारी पलीकडच्या उघड्या खाणीत बारूद उडे. ती आधी पायांना कळे, मग कानांना. फळीवरची भांडी किणकिणत. वस्तीतलं कोणी मान वर करत नसे. तोंडाकडे निघालेला घास वाटेत थांबत नसे. एखादा पाहुणा दचकला, तर सगळे हसत.

वस्तीच्या खाली जुनी खाण होती. कोळसा काढून बंद केलेली. शेजारचे सोमाजी तिथूनच रिटायर झाले होते.

"बाबूभाई, तुमच्या चुलीखालून मी कोळशाचे डबे ढकलले आहेत," ते ओट्यावर बसून सांगत. "अन् बायनाबाईच्या अंगणाखाली आमची जेवाची जागा होती."

"वर कोनाचं घर आहे, हे खाली कसं समजे तुमाले?"

"वरून पानी ठिबके ना. बायनाबाईचं पानी धुन्याच्या सोड्याचं."

बायनाबाई कुंपणापलीकडून शिव्या देई, सोमाजी हसत. हसून झालं की ते थोडा वेळ जमिनीकडे पाहत बसत.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात बाबूभाईंना ताप आला. ताप उतरला त्या सकाळी त्यांनी कूस बदलली आणि छप्पर जागचं निघालं. गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. त्यांनी भिंत धरली. स्वतःच्या हातची भिंत, पण ती मुठीतून वाळूसारखी निसटत राहिली. पोटात काही उरलं नाही तरी उलट्या थांबेनात. जाहिदाने, त्यांच्या बायकोने, दंडाला तावीज बांधला आणि शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या कानातली तोल सांभाळणारी नस तापात गेली. ती परत येणार नाही.

गरगरणं काही दिवसांनी थांबलं. उभं राहणं मात्र परतलं नाही. रस्त्यावर चालताना ते एका बाजूला जात, आणि आपण जातोय हे त्यांना कळत नसे. लोक म्हणत, मिस्त्रींनी या वयात प्यायला सुरुवात केली. ठेकेदाराने परांचीवर दुसरा मिस्त्री चढवला. बाबूभाईंच्या मनात एकच गोष्ट उरली, परांचीवर पुन्हा चढायचं. मुलगा फैज आणि सून कामासाठी नागपूरला होते, नात आयत यांच्याजवळ होती. पण आयतसाठी, घरासाठी असं ते म्हणत नसत. खाली उभं राहून दुसऱ्याच्या हातची भिंत वर जाताना पाहणं त्यांना सोसत नव्हतं, एवढंच.

डॉक्टरांनी त्यांना रंजीताबाईंकडे पाठवलं. पोंभुर्ण्याच्या शेतकऱ्याची मुलगी, चंद्रपुरात एका खोलीत व्यायामाचा दवाखाना चालवणारी. तिने त्यांना दोन वजनकाट्यांवर उभं केलं, एका पायाखाली एक.

"सरळ उभे आहात?"

"एकदम सरळ, बाई."

"काट्याकडे पाहा."

उजवा काटा डाव्याच्या कितीतरी पुढे होता. बाबूभाईंनी घाम पुसला.

"तुम्हा मिस्त्री लोकांजवळ असते तशी दोन्ही कानांत एकेक लेव्हल असते," रंजीताबाई म्हणाली. "तुमची उजवी फुटली. डोकं अजून तिचंच ऐकून राह्यलं. आता त्याले शिकवाचं, की डोळ्याचं ऐक, पायाचं ऐक. पण तुम्ही चुकलात हे तुम्हाला त्याच क्षणी कोणीतरी सांगितलं पाहिजे. नागपूरला मशीन आहे. पडद्यावर तुमचा ठिपका दिसतो, तो गोलात ठेवाचा. मी काट्यावर भागवते."

"अन् घरी?"

"घरी जे खोटं बोलत नाई, ते वापरा."

घरी त्यांनी आपली लेव्हल घेतली. ॲल्युमिनियमची पट्टी, मधल्या काचेत हिरवं पाणी आणि त्यात बुडबुडा. ती गमछाने छातीवर आडवी बांधली. पुढे जाहिदा पाटावर बसे, मांडीवर लसूण नाहीतर तांदूळ. बाबूभाई डोळे मिटत. बुडबुडा सरकला, की जाहिदा सांगे.

"दायें जाऊन राह्यले."

ते सावरत.

"अजून दायें. मिस्त्री, लोकायच्या भिंती सरळ करता, अन् सोताचे खांदे पाहा."

"तू लसूण सोल."

"लसूणच सोलून राह्यले. बोलाचे पैसे नाई घेत मी."

ती गप्प राहिली म्हणजे सरळ. त्या गप्प राहण्यासाठी ते पुढे पुढे दिवसभर वाट पाहू लागले. डोळे मिटून, मान हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत, कधी दुमडलेल्या गादीवर उभे राहून. आधी मळमळे. मग मळमळणं कमी झालं. रस्त्यावर चालताना ते सरळ चालू लागले. बायनाबाईनेही ते कबूल केलं.

फक्त घरात कल सुटेना. घरात त्यांना सरळ वाटे तेव्हा जाहिदा म्हणे, दायें. तिच्या सांगण्याने बुडबुडा मध्ये आणला, की आपण पडतोय असं वाटून ते हवेत हात टाकत. बाहेर बरा असलेला माणूस उंबरठा ओलांडला की वाकडा होई. जाहिदाने उंबरठ्यावर लोबान फिरवला.

त्याच दिवसांत आतल्या खोलीचं दार आपोआप उघडू लागलं. कडी घातली नाही, तर ते सावकाश, कुणीतरी आत जावं तसं उघडे आणि तसंच राही. जाहिदा म्हणे, हवा आहे. त्या खोलीला खिडकी नव्हती. आयतला त्यात गंमत सापडली होती. ती दारात बसून कांदा सोडे. कांदा थोडा विचार केल्यासारखा थांबे, मग खोलीच्या कोपऱ्यापर्यंत घरंगळत जाई आणि भिंतीला टक्कन लागे. "कांदा घरी गेला," आयत टाळ्या वाजवी. कोपऱ्यात तिची बाज होती.

"एकदा लेव्हल खाली ठेवून तर पाहा," जाहिदा एकदा म्हणाली.

"फरशीले पान्यासाठी उतार मीच देल्ला. ते काय सांगन?"

"मंग ओळंबा लावा चौकटीले."

बाबूभाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने सूप पुढे ओढलं. त्यांचे उस्ताद दादाजी सांगून गेले होते, राहत्या घराला ओळंबा लावायचा नाही. घर बांधताना लावायचा, हवा तेवढा. पण एकदा चूल पेटली, माणसं झोपली, की नाही. घराला शंका येते. बाबूभाईंनी आयुष्यभर ते पाळलं होतं. कुणी कितीही गळ घातली, तरी राहत्या घरात ते ओळंबा पिशवीतून काढत नसत.

पुढच्या खेपेला रंजीताबाईंनी विचारलं, "घरी अजून कल जातो?"

"जातो."

"उजवीकडेच ना?"

"आतल्या खोलीकडे."

"म्हणजे उजवीकडे."

"खिडकीकडे तोंड केलं तर उजवीकडे. चुलीकडे केलं तर जाहिदा बायें म्हनते. पन जातो तो आतल्या खोलीकडेच."

रंजीताबाईंच्या हातातला पेन थांबला. तिने त्यांना वजनकाट्यांवर उभं केलं, लेव्हल छातीला बांधली, डोळे मिटायला सांगितले. मग खिडकीकडे तोंड करून, मग भिंतीकडे, मग दाराकडे. प्रत्येक वेळी काटे हाताने फिरवून मांडले. बाबूभाई कान देऊन उभे होते. ती एकदाही काही बोलली नाही.

डोळे उघडले तेव्हा बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये होता.

"कान तर तुमच्यासोबत फिरतो, भाऊ," ती हळू म्हणाली. "उजवा कान बिघडला, तर तुम्ही जिकडे तोंड कराल तिकडे उजवीकडेच जाल. तुमचा कल तुमच्यासोबत फिरत नाई. तो तिथीच राहतो."

"कुठी?"

तिने लेव्हल सोडून त्यांच्या हातात दिली. म्हणाली, "तुम्हाला मीच शिकवलं, डोळ्याचं ऐका, पायाचं ऐका. त्या घरात तुमचे डोळे अन् पाय त्या घराचंच ऐकतात."

परतीच्या एसटीत बाबूभाई खिडकीशी बसले. बाहेर विजेचे खांब, पळसाची झाडं, सगळं ताठ उभं होतं आणि एकेक करून मागे जात होतं. इतके महिने त्यांनी डोकं सरळ व्हावं म्हणून दुआ मागितली होती. आता त्यांना वाटत होतं, एवढा एक दिवस चक्कर यावी. एकदा जोराची यावी.

ते घरी आले तेव्हा जाहिदा तांदूळ निवडत होती.

"काय म्हने रंजीताबाई?"

"मी बरा झालो म्हने."

जाहिदाचा चेहरा आधी उजळला. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. तेव्हा बाबूभाईंना दिसलं, ती बसली होती त्या पाटाच्या एका पायाखाली फरशीचा तुकडा होता. त्यांनी वाकून पाहिलं. पाण्याच्या माठाखाली चकती होती. शिलाई मशीनच्या पायाखाली दुमडलेला पुठ्ठा. आत आयतच्या बाजेच्या एका पायाखाली अर्धी वीट.

"हे कधी?"

"हलत होतं, म्हनून लावलं," जाहिदा म्हणाली. "एकेक करून लावलं. मले वाटलं, लाकूड सुकलं असन."

बाबूभाईंनी पिशवीतून ओळंबा काढला. जाहिदाने तोंडावर पदर घेतला, पण अडवलं नाही. आतल्या खोलीच्या चौकटीच्या माथ्याला त्यांनी दोरी टेकवली आणि पितळी लट्टू सोडला. तो हेलकावत राहिला. थांबायला आला तसे बाबूभाईंनी डोळे मिटले.

"सांग."

जाहिदा बोलेना.

"सांग ना. रोज सांगतं तसं."

"दायें," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "अजून दायें."

त्यांनी आयतची बाज आधी बाहेर काढली. मग माठ, मशीन, पेट्या. वस्ती ओट्यांवरून पाहत होती.

"चक्कर डोक्यातून घरात शिरली काय, मिस्त्री?" कुणीतरी ओरडलं.

सोमाजी हसले नाहीत. त्यांनी चप्पल काढली, बाबूभाईंच्या अंगणात अनवाणी उभे राहिले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिल्यावर म्हणाले, "छत धराले खाली कोळशाचे खांब सोडून आलो होतो आमी. जाडे होते." मग तेही पेटी उचलू लागले.

सामान रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली गोळा झालं, तेवढ्यात दुपारची बारूद उडाली. जमीन पायांखालून गेली आणि आली. बाबूभाई डोळे मिटून उभे होते. ते हलले नाहीत. परांचीवर उभा राहणारा माणूस उभा राहतो तसे ते उभे होते, आणि ते पाहायला त्या वेळी कोणी नव्हतं, कारण सगळे घराकडे पाहत होते.

रिकाम्या घरात आतलं दार उघडल्याचा आवाज आला. मग फरशीवरून काहीतरी घरंगळू लागलं. हळू, मग जोरात, आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

"कांदा आत राह्यला," आयत म्हणाली.

जाहिदाने तिचा हात घट्ट धरला. कांदा कोपऱ्याला लागल्याचा आवाज कोणालाच आला नाही.