अण्णांचं डावं चाक

अण्णांच्या मते त्यांची गाडी कधीच कुठे आपटली नाही. जे काही असेल ते येऊन गाडीवर आपटायचं. खड्डा, फुटपाथची कड, एकदा तर सोसायटीचं गेट. "मी माझ्या लाइनीत होतो," ते छातीवर हात ठेवून सांगायचे, "रस्ताच आत आला."

अण्णा म्हणजे माझे सासरे. मोरिवलीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि बदलापूरला, मांजर्लीत राहायला आले ते आपली जुनी पांढरी गाडी घेऊन. आधी राहायचे त्या जुन्या वस्तीतली ती पहिली गाडी. चौदा एप्रिलला तिला निळा झेंडा लावून मिरवणुकीत स्वतः न्यायचे. स्टिअरिंगला पोटच्या पोरीचाही हात लागलेला खपत नसे, मग जावई कोण लागून गेला!

अधूनमधून अंबरनाथला माझ्याकडे फोन यायचा, "जावईबापू, चाकाची डिस्क वाकली. चला." नवी घ्या म्हटलं की दुखावले जायचे. "पाय मुरगळला म्हणून कुणी कापतं का?" लग्नाच्या पहिल्या वर्षी छाप पाडायला मीच हातोडा उचलला होता. एका पोच्याचे दोन झाले, अंगठा वांग्यासारखा सुजला. अण्णा शांतपणे म्हणाले, "नारळ फोडताय काय? सरका."

तेव्हापासून आम्ही उल्हासनगरच्या एका सिंधी डिस्कवाल्याकडे जायचो. तो टायर उतरवून डिस्क मशीनवर फिरवायचा आणि कडेजवळ खडू धरायचा. जिथे वाकलंय तिथे पांढरी खूण उठायची. मग जॅकचा दाब आणि हातोड्याचे ठोके. तोवर आम्ही समोरच्या हातगाडीच्या बाकड्यावर बसून दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेली पुरी, खायचो. खरं सांगायचं तर चाक हे निमित्त होतं. घरी अण्णा माझ्याशी चार वाक्यं बोलत नसत. त्या बाकड्यावर मात्र कारखान्यातला संप, सासूबाईंशी पहिलं भांडण, सगळं निघायचं.

असेच एकदा बसलो होतो. अण्णा संपाच्या गोष्टीत रंगलेले. मला खोडी सुचली. त्यांच्या डावीकडे बसून मी त्यांच्या ताटलीतला पकवानचा तुकडा उचलला. त्यांना कळलं नाही. दुसरा उचलला. तरी नाही. मी मनातल्या मनात हसत होतो. मग अख्खा पकवान त्यांच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला नेऊन हलवला. अण्णा बोलतच राहिले. समोर मशीनवर चाक फिरत होतं. डावं. नेहमी डावंच असायचं. माझं हसू तिथेच विरलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या बाजूचं दिसणं गेलं होतं, ते परत येणार नव्हतं. असेल तेवढं औषधाने टिकवायचं. गाडी बंद. अण्णांनी वाद घातला नाही. घरी आल्यावर किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुमच्या लक्षात कसं आलं?" मी पकवानचं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते खिडकीकडे बघत राहिले.

त्यानंतर गाडी मी चालवू लागलो. अण्णा एकदाच शेजारी बसले. "नको," उतरताना म्हणाले, "माझा पाय सारखा ब्रेक शोधतो." दाल-पकवान खायला चला म्हटलं तर, "कशाला? चाक तर सरळ आहे."

माझ्या डोक्यात दिवा लागला. चाक वाकवायला असं किती लागतं? गल्लीतल्या एका फुटपाथवर नेम धरून गाडी घातली. डिस्क वाकली, टायर फाटला, वर हेडलाइटही फुटला. माझ्या हातून कुठलंच काम मापात होत नाही. स्टेपनी लावून मांजर्लीला गेलो आणि खालूनच ओरडलो, "अण्णा, डिस्क वाकली! चला उल्हासनगरला!"

अण्णा खाली आले. कठडा धरून, सावकाश. मी डिकी उघडली. त्यांनी वाकून डिस्कच्या कडेवरून बोटं फिरवली, मग पुढे जाऊन, मान वळवून फुटका हेडलाइट शोधला. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "माझ्यासाठी गाडीला मारू नका."

आणि वर गेले. त्यानंतर दोन पावसाळे ते होते. गाडीजवळ पुन्हा आले नाहीत. संपाची गोष्टही त्या बाकड्यावर अर्धीच राहिली. शेवटी काय झालं, ते आता सासूबाईंनाही माहीत नाही.