उखर्डू आबांची चौथी

"मी चौथी पास शे, तुम्हले पुढे जानं पडी," हे उखर्डू आबांचं कायमचं बोलणं. सोनगीरच्या पलीकडे त्यांचं गाव. मुलगा अभिमन नववीतच शाळा सोडून ट्रॅक्टरवर बसायला निघाला, तेव्हा आबा दारात आडवे उभे राहिले आणि हेच म्हणाले. अभिमन बारावी झाला. त्याची लेक हेमांगी हिला धुळ्याला इंजिनिअरिंगला जागा मिळाली, त्या दिवशी आबा पेढ्याचा पुडा घेऊन गल्लीभर हिंडले.

मग कॉलेजने जातपडताळणीच्या अर्जाची पावती मागितली. अर्जाला आजोबांच्या शाळेचा जुना दाखला हवा. सोमवारपर्यंत पावती दिली नाही, तर जागा जाणार.

"तो दाखला पूरमा वाही गया," आबा म्हणाले.

"आबा, आपल्या गावात पूर कधी आला?" हेमांगीने विचारलं.

आबांनी तंबाखू मळायला घेतली. "मंग वाळवी लागनी व्हई."

चुलीपाशी बसलेल्या ताईबाई, आबांच्या कारभारीण, वळूनही न बघता म्हणाल्या, "वाळवीबी चौथी पास व्हती का? नेमका दाखलाच खादा!"

दाखला कुठे मिळेल, हे आबांना पक्कं ठाऊक होतं. गावच्या शाळेतलं रजिस्टर अजून शाबूत होतं. त्यात चौथी नव्हती, हेही ठाऊक होतं, पण त्यांना एकट्यालाच. दोन दिवस दाखल्याचा विषय निघाला की ते उठून गोठ्यात जात. शुक्रवारी सकाळी धुतलेला सदरा घालून ते हेमांगीला म्हणाले, "चाल."

शाळेत मुख्याध्यापिका सुनंदाबाईंनी पिवळं पडलेलं रजिस्टर उघडलं आणि वाचलं, "उखर्डू जीवराम. इयत्ता पहिली. शाळा सोडण्याचं कारण, गुरं राखणे." मग त्या हेमांगीला म्हणाल्या, "जातीची नोंद आहे. काम होईल तुझं."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. हेमांगीने ती ओळ स्वतः पुन्हा वाचली.

"आबा, चौथी?"

"व्हती नही. तुन्हा बाप शाळा सोडी राहिंता. मन्हाकडे दुसरं काय व्हतं सांगाले?"

दाखल्यावर सही झाली, शिक्का बसला. हेमांगीला तिथूनच धुळ्याची बस धरायची होती.

"घरी विचारलं तर काय सांगू?"

"जे लिखेल शे ते," आबा म्हणाले.

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि शेताच्या वाटेने निघाले, नेहमीच्याच चालीने, मागे न बघता. हेमांगी पायरीवर उभी होती. फाट्यावर बसचा हॉर्न वाजला तरी ती बाभळीच्या वळणापर्यंत त्यांनाच बघत राहिली.