भाविकाची उघाडी

उलव्याच्या गोटीरामाची नात भाविका नेमकं काय करते, हे गावात कुणाला धड सांगता यायचं नाही. रबाळ्याला नोकरी, इथवर ठीक. पण घरी येऊन चहाचा कप घेतला की बाई पुन्हा लॅपटॉप उघडून बसते, नि त्या कामाचा कुणी छदाम देत नाही, हे ऐकलं की बाया कपाळाला हात लावायच्या.

"फुकटची हमाली गो बाय!" तिची आत्या काशी म्हणायची. नि चिंबोऱ्या-खेकडे धरायला खाडीत उतरायच्या आधी हीच काशी फोन काढून त्या फुकटच्या हमालीत पहिली डोकवायची.

कारण हमाली होती 'खाडीवेळ' नावाच्या ॲपची. भरती कधी, ओहोटी कधी, चिखलात कधी उतरावं नि कधी काढता पाय घ्यावा, हे ते सांगायचं. विकत नाही, जाहिरात नाही. त्याच्या पोटातलं कोडचं लिखाणसुद्धा सगळ्यांना उघडं. कुणीही वाचावं, कुणीही सुधारून आणावं. आता दहा जणी एकाच पातेल्यात मीठ घालायला लागल्या तर ते कालवण कुणाच्या घशाखाली उतरेल? चुलीपाशी एकीनं बसावंच लागतं. ती भाविका.

तिची रीत आजाच्या मिठागरावरून आलेली. खाडीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात, तिथून वाफ्यावाफ्यानं आटत पुढं, नि मीठ धरायचं ते शेवटच्या वाफ्यात. मीठ धरायला लागलं की उघाडी, म्हणजे पाणी अडवायची फळी, घट्ट बंद. मग कुणी नवं पाणी सोडलं तर धरलेलं मीठ विरघळलंच म्हणून समजा. भाविकाच्या कामात वाफ्याला ब्रँच म्हणतात, एवढाच फरक. ज्याला नवं काही करायचं असेल त्यानं आपल्या ब्रँचवर करावं, तपासून मोठ्या ब्रँचमध्ये आणावं. नवी आवृत्ती काढायची झाली की भाविका तिथून एक शेवटची ब्रँच वेगळी करायची नि उघाडी बंद. त्यानंतर फक्त चुकांची डागडुजी. नवं काही नाही, मग ते अमृत का असेना.

तिचा चुलतभाऊ धनेश याच कामात तिचा उजवा हात. डोकं तल्लख, दम मात्र नावाला नाही. जुनी माणसं तिथीवरून भरतीची वेळ काढायची, ते गणित त्यानं ॲपमध्ये बसवलं. बसवलं ते नेमकं उघाडी बंद झाल्यावर. त्यात त्याच्या बहिणीची, मनस्वीची हळद तोंडावर आलेली.

"ताई, एवढं घे ना. हळदीला अख्खी खाडी जेवाय येनार. मी सगल्यांना सांगून बसलोय."

"पुढच्या आवृत्तीत घेऊ."

"ती दिवाळीनंतर!"

"मग हळद दिवाळीनंतर ठेव."

धनेशचा बाप मध्ये पडला. "अगो, भाव हाय तुजा. परका हाय का?"

"काका, म्हणूनच नाही म्हणते. उद्या परक्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

काकाला ते पटलं, धनेशला नाही. उघाडीची एक चावी त्याच्याकडेही होती. हळदीच्या दुपारी, भाविका मांडवात नवरीला हळद लावत असताना, त्यानं हळूच आपलं गणित शेवटच्या ब्रँचमध्ये सोडलं. संध्याकाळी नवी आवृत्ती सगळ्यांच्या फोनवर जायची होती. त्याआधी चाखून बघायला ती चार-पाच जणांकडे आपोआप जायची. त्यातली एक काशी. आणि काशी त्या वेळी खाडीत होती, कारण भाचीच्या हळदीच्या चिंबोऱ्या ती बाजारातून आणणार? शक्यच नाही.

भाविकाचा फोन वाजला.

"गो भाविका, तुजा फोन म्हनते अजून पाऊण तास पानी उतरतंय. नि इथं माज्या पोटरीवर चढतंय. खरं कोन, तू का खाडी?"

"खाडी! आत्या, आधी बाहेर निघ. बोलत राहा, मला ऐकू येऊ दे!"

बांधाला हात लागेपर्यंत काशीनं चिखलाचा, फोनचा नि भाविकाच्या शिक्षणाचा उद्धार केला. आपल्याच नावाच्या शिव्या भाविकाला कधी एवढ्या गोड लागल्या नव्हत्या.

मग तिनं पिवळ्या हातांनीच लॅपटॉप उघडला. कुणी काय ओतलं, हे तिथं नावानिशी दिसतं. बाहेर डीजे दणाणत होता, नि धनेश तिच्या मागे येऊन उभा राहिला तो तोंड पांढरं करून. पंचांगात एखादी तिथी दोन दिवस मुक्काम ठोकते. धनेशच्या गणितानं मात्र रोज एक तिथी पुढं ढकलली होती. तिथी एक पुढं, वेळ पाऊण तास पुढं.

भाविकानं तेवढाच तुकडा शेवटच्या ब्रँचमधून उचलला, बाकी सगळं जिथल्या तिथं ठेवलं, वेळा भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडल्या, नि मगच आवृत्ती सोडली. पाहुण्यांसमोर भावाची शोभा केली नाही. त्याच्या गालाला हळद फासून म्हणाली, "जा, आत्याच्या पाया पड. आणि चिंबोऱ्या आज तू साफ करायच्या."

"चावी काढून घे त्याची," आता काकाच म्हणाला.

"काढायची कशाला? दुसरं कुलूप लावते."

तेव्हापासून उघाडी बंद झाली की दोघांच्या संमतीशिवाय थेंब आत जात नाही. भाविकाचासुद्धा नाही. धनेशचं गणितही तिनं फेकलं नाही. त्याच्या ब्रँचवर त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतलं, नि दिवाळीनंतरच्या आवृत्तीची राखण त्यालाच दिली.

त्या आवृत्तीची उघाडी बंद झाली नि भाविकाला आठवलं, काशीला अक्षरं बारीक दिसतात. ती धनेशकडे गेली.

"जरा मोठी करायचीत. एवढंसंच आहे."

"चूक हाय का नवं?"

"नवं. पण—"

"पुढच्या आवृत्तीत, ताई."

"अरे, बहीण आहे मी तुझी!"

"म्हनूनच."

भाविका फुरंगटून उठली, तणतणत स्वयंपाकघरात गेली. पण चहाचं आधण ठेवलं ते दोन कपांचं.