हरप्रीतच्या जबड्यातला खुंटा

“मॅडमजी, ये वाला भी हिल रहा है,” खुर्चीत बसता बसताच हरप्रीत म्हणाली.

मी चिमट्याने तिच्या जबड्यातला स्क्रू धरून पाहिला. हलत होता. महिन्यापूर्वी उजवीकडचा निघाला होता, आता डावीकडचा.

हरप्रीत पंजाबातल्या डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. तिचे वरचे दात पुढे होते, ओठ मिटत नसत. “ड्यूटीवर मास्क असतो, तेच बरं,” असं ती पहिल्या भेटीत म्हणाली होती. दात मागे घ्यायला जागा हवी, म्हणून दोन्ही बाजूंचे एकेक दात काढले होते. आता पुढचे दात ओढायचे, तर कशाच्या तरी आधाराने ओढायला हवेत. मागच्या दाढांचा आधार घेतला तर त्याच पुढे सरकतात. म्हणून आम्ही जबड्याच्या हाडात बारीकसा मिनी-स्क्रू बसवतो. खुंटाच म्हणा. तो टिकला नाही, तर तिचे काढलेले चांगले दात फुकट गेले.

क्लिनिकचे मालक डॉ. भल्ला माझे सीनियर. ते म्हणाले, “ब्रश नीट करत नसेल. मोठा साइज लाव.”

हिरडी सुजली की स्क्रू सुटतो, हे खरं. पण हिची हिरडी स्वच्छ होती.

“सर, आधी थ्रीडी स्कॅन करूया.”

“एवढ्याशा स्क्रूसाठी?”

“पुन्हा सुटला तर ती परत येणार नाही.”

सर म्हणाले, “ठीक है, करवा लो.”

हाडाला बाहेरून टणक कवच असतं, आत जाळी. स्क्रूची पकड मुख्यतः कवचावर. साध्या एक्स-रेत त्याची जाडी कळत नाही. स्कॅनमध्ये कळली. मी स्क्रू लावले तिथे कवच अगदी पातळ होतं आणि आतली जाळीही विरळ. टाळूच्या पुढच्या भागात मात्र हाड जाड आणि घट्ट होतं.

मी हरप्रीतला स्क्रीन दाखवली. “चूक तुमची नाही. जागा मी न तपासता निवडली.”

ती शांतपणे म्हणाली, “हमारे यहाँ तो चेकिंग पहले होती है, मॅडमजी.”

मी स्क्रीनवर टाळूचं जाड हाड दाखवलं.

“तालू में पक्का टिकेगा?”

“पक्का शब्द मी वापरणार नाही. पण हाड चांगलं आहे, आणि या वेळी मी ते पाहिलंय.”

तिने तोंड उघडलं.

टाळूत दोन स्क्रू बसवले. प्रत्येक फेऱ्याला हाड मनगटाला विरोध करत होतं. तो हवाच असतो. दोन्ही स्क्रू शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. वर्षभरात काढलेल्या दातांच्या फटी बंद झाल्या. परवा ती कारखान्याच्या नव्या ओळखपत्राचा फोटो दाखवायला आली. फोटोत ओठ मिटलेले होते.

कॉन्फरन्समध्ये आम्ही स्क्रूच्या लांबीवर, धातूवर, आट्यांवर तासभर वाद घालतो. पण स्क्रू बसतो हाडात. आधी ते बघावं.